ब्लॅडर फुल हवं!

‘लिटरभर पाणी प्या आणि रोखून धरा’ असं सोनोग्राफीआधी सांगणाऱ्याने स्वतः कधी रोखून धरलेलं नसतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पाणी प्यायला काय जातं? पण पुढे माणसं ताटकळलेली असतात, आणि नंबर लागणे हा प्रकार किडनीला मान्यच नाही.

एरवी ती महाकंजूष. मिनिटाला सव्वाशे मिलीलीटर, म्हणजे दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव ती रक्तातून गाळते आणि त्यातला ९९ टक्के परत आत घेते. कपाट आवरताना सगळं बाहेर उपसावं आणि हवं तेवढं पुन्हा रचावं, तसा कारभार. ग्लुकोज सगळं आत, मीठ बहुतेक आत, युरिया बराचसा बाहेर. शेवटी मूत्राशयात दिवसाकाठी पोचते जेमतेम दीड लिटर लघवी.

ही काटकसर नेमकी आजच सुटावी! पाणी पोटात गेलं, रक्त जरा पातळ झालं, आणि मेंदूने एडीएच नावाच्या हार्मोनचा हात आखडला. हे हार्मोन असेल तर नेफ्रॉनच्या, म्हणजे किडनीतल्या सूक्ष्म गाळण्यांच्या, शेवटच्या नळ्या पाणी परत ओढून घेतात. ते आटलं की पाणी सरळ खाली. एरवी मिनिटाला मिलीलीटरभर बनणारी लघवी मग दहाच्याही पुढे जाते. त्यात वेटिंग रूममधला एसी. थंडीनेही लघवी वाढते, हे तिथे कोणाच्या गावीही नव्हतं.

दीडशे-दोनशे मिलीलीटरला पहिली चाहूल लागते. चारशेच्या पुढे माणूस नास्तिक राहत नाही. समोरचे काका पायावर पाय घट्ट टाकून, डोळे मिटून, श्वाससुद्धा बेताने घेत बसले होते. तेही फुल होते. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. हसू आलं असतं तर दोघांचंही अवघड होतं.

अखेर माझं नाव पुकारलं. डॉक्टरांनी थंडगार जेल लावलं, “वा, छान भरलंय” म्हणाल्या आणि नेमकं तिथेच यंत्र दाबलं. वर शांतपणे, “आता जाऊन या, किती उरतं तेही बघायचंय.”

जाऊन आलो. काहीच उरलं नव्हतं, रिपोर्ट नॉर्मल. मात्र आटलेलं एडीएच पूर्ववत व्हायला वेळ लागतो, हे मला परतीच्या वाटेवर, सिग्नलला उभं असताना कळलं.