एका खोलीत झोप, त्यात मनाचा आजार : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मानसिक रुग्णांच्या निद्रानाशावर झोपेच्या सवयी बदलून करायच्या उपचारांबद्दल मी लेख लिहिला होता. त्यावर खानापूरहून आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेतले तीन आक्षेप आधी इथं मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एक, ‘मूळ आजार बरा झाला की झोप आपोआप येते, वेगळे उपचार कशाला?’ दोन, ‘मानसिक रुग्णाला कमी झोपायला सांगणं म्हणजे आगीत तेल.’ तीन, ‘आमच्याकडं एका खोलीत पाच जण झोपतात, तिथं झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा म्हणून कुणाला सांगणार?’

दुसरा आक्षेप निम्मा बरोबर आहे आणि तो निम्मा भाग माझ्या लेखातून सुटला होता. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सीबीटी-आयमध्ये, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलून निद्रानाश बरा करायच्या पद्धतीत, आपण अंथरुणावरचा वेळ आवळतो. नैराश्याचा एक नेहमीचा नमुना घ्या. माणूस रात्री नऊला आडवा होतो, सकाळी सहाला उठतो, म्हणजे नऊ तास. झोपेच्या रोजच्या नोंदीच्या डायरीवरून खरी झोप निघते साडेपाच तास. साडेपाच भागिले नऊ गुणिले शंभर, म्हणजे अंथरुणावरच्या वेळेपैकी ६१ टक्केच झोप. उरलेले साडेतीन तास तो कूस बदलत नको त्या विचारांना पाणी घालत असतो. त्याला अंथरुणावर राहायची सहा तासांची चौकट देतात. घर साडेपाचला जागं होत असेल तर उठायची वेळ साडेपाच, आणि आडवं व्हायची साडेअकरा. या टक्क्यांची आठवड्याची सरासरी ८५ च्या वर गेली की चौकट १५ मिनिटांनी वाढवायची, ८० च्या खाली आली तर १५ मिनिटांनी कमी करायची, अधेमधे असेल तर हात लावायचा नाही. एरवी पाच तासांच्या खाली कधीच जात नाहीत.

हे गणित बायपोलर आजाराला (कधी नैराश्य, कधी उन्माद म्हणजे अति उत्साहाचा झटका) जसंच्या तसं लावलं तर तुम्ही म्हणता तेच होईल. झोपमोड हे उन्मादाचं एक ओळखीचं निमित्त आहे. म्हणून तिथं चौकट साडेसहा तासांच्या खाली नेत नाहीत आणि सगळा भर उठायची वेळ रोज एकच ठेवण्यावर देतात. अ‍ॅलिसन हार्वी या संशोधिकेच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेली चाचणी अशाच बदललेल्या पद्धतीची होती. घरच्यांनी एक खूण पक्की लक्षात ठेवावी : निद्रानाशाचा रुग्ण चार तास झोपला तर दिवसभर पेंगुळलेला, वैतागलेला असतो. चार तास झोपूनही माणूस ताजातवाना, बडबड वाढलेली, खर्चाचे बेत सुरू, असं दिसलं तर डायरी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फिट्स येणारे, झोपेत चालणारे आणि जोरात घोरताना श्वास अडकणारे यांनाही ही आवळणी नको. बेळगावच्या शहापूर-वडगावातले यंत्रमाग कामगार आणि बसचालक यांना पहिले दोन आठवडे दिवसा झापड येते. त्यांच्यासाठी वेळ एकदम न कापता दर आठवड्याला १५ ते ३० मिनिटं कमी करत जाणं बरं.

आता पहिला आक्षेप. नैराश्य उतरल्यावरही मागं रेंगाळणाऱ्या लक्षणांत झोपेची तक्रार फार वेळा सापडते आणि ती राहिली की आजार परतण्याचा धोका वाढतो. संशोधिका रेचल मॅनबर यांच्या २००८ च्या ३० जणांच्या छोट्या चाचणीत एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळीसोबत सीबीटी-आय घेतलेल्यांपैकी ६१.५ टक्क्यांचं नैराश्य उतरलं, गोळीसोबत सीबीटी-आय न घेतलेल्या दुसऱ्या गटात ३३.३ टक्क्यांचं. त्यांच्याच २०१६ च्या १५० जणांच्या चाचणीत झोप सुधारली, पण नैराश्यात तेवढा फरक दिसला नाही. त्यामुळं झोप सुधारली की नैराश्य जाईल असा दावा मी करत नाही. झोपेची तक्रार स्वतंत्रपणे बरी करता येते, एवढंच म्हणतो. भ्रम असलेल्या आणि नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या ५० रुग्णांवर संशोधक डॅनियल फ्रीमन यांनी २०१५ मध्ये हेच पाहिलं : झोप चांगलीच सुधारली, भ्रमांवरचा परिणाम मात्र ठामपणे सांगता आला नाही. स्किझोफ्रेनियात घोळ बहुतेक दिवसाचा असतो. रुग्ण सोप्यात दुपारभर पडून राहतो, मग रात्री झोपेला भूक कुठली? तिथं आधी सकाळचं ऊन, ठरलेलं काम आणि दुपारी आडवं न होणं. चौकट नंतर.

गोळीच्या वेळेबद्दल मूळ लेखात काहीच नव्हतं. घर शांत व्हावं म्हणून आठलाच गोळी देऊन रुग्णाला निजवायची पद्धत घरोघरी दिसते. चौकट साडेअकराची असेल तर क्वेटियापिन या मनाच्या आजारावरच्या, झोप आणणाऱ्या गोळीचा जोर तोवर ओसरायला लागलेला असतो, कारण ते तास-दीड तासात चढतं. तशाच ओलान्झापिनला पाच-सहा तास लागतात. ते अकराला घेतलं तर पहाटे डोकं जड. म्हणून चौकट बदलली की डॉक्टरांना गोळीची वेळही विचारा, स्वतः हलवू नका. क्लोनाझेपाम ही झोपेसाठी दिली जाणारी गोळी तर मध्येच सोडूच नका, अचानक बंद केल्यास फिट येऊ शकते. झोप बसल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर दोन आठवड्यांनी साधारण पाव भाग उतरवतात. आणि पाय स्वस्थ राहत नाहीत, सारखं उठून फिरावंसं वाटतं, ही तक्रार हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडॉन ही भ्रमांवरची औषधं सुरू झाल्यावर आली असेल तर तो औषधाचा परिणाम असू शकतो. त्यावर चौकट हा इलाज नाही.

एका खोलीचं काय? मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या नियमाचा गाभा असा : जागेपण आणि अंथरूण यांची गाठ तोडायची. त्यासाठी दुसरी खोली लागतेच असं नाही. आपल्याकडं वाकळ जमिनीवर असते, हा उलट फायदाच आहे. वीसेक मिनिटं झोप नाही असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही) की वाकळ गुंडाळा, भिंतीला टेकून किंवा उंबऱ्यावर बसा, माळ ओढा, शेंगा फोडा. मोबाईल नको. डोळे मिटायला लागले की वाकळ पुन्हा पसरा. दिवसा वाकळ घडीतच राहू दे. बसून घासलेली मिसरीही त्यावेळी नको. निपाणीकडच्या बायकांना हे पटवणं अवघड जातं, पण तंबाखूतलं निकोटिन झोप उडवतं.

रात्रीच्या थ्री-फेज विजेवर उसाला पाणी सोडावं लागतं तो आठवडा डायरीत वेगळा धरा, त्यावरून चौकट ठरवू नका.

राहिला भाषेचा प्रश्न, जो तुम्ही जाता जाता विचारलात : कन्नड डॉक्टरांना तक्रार सांगायची कशी? धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत जा, नाहीतर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, तक्रार नेमकी सांगा. ‘झोप लागत नाही’, ‘झोप मोडते’, ‘पहाटे तीनलाच जाग येते’, ‘झोपून उठलं तरी पुरत नाही’ या चार वेगळ्या तक्रारी आहेत. दुभाष्याच्या तोंडून चारींचं ‘निद्दी बरंगिल्ल’ (झोप येत नाही) होतं आणि औषध एकच मिळतं. दोन आठवड्यांचा कागद सोबत न्या : कधी आडवे झालात, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, कधी उठलात, दुपारी किती झोपलात, कोणती गोळी किती वाजता. लिहिता येत नसेल तर तासाला एक चौकोन आखा आणि झोपेचे चौकोन सकाळी पेन्सिलीनं काळे करा. तो कागद कन्नड डॉक्टरांनाही वाचता येतो.