पॉल स्कीन्स आणि बारा वर्षांच्या पोरांचे कोपर

पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू फेकणारा) पॉल स्कीन्स याला २०२५ चा साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान, एकमताने मिळाला आणि इथे पिट्सबर्गमध्ये बेसबॉलवेड्या पालकांच्या अंगात नवं वारं शिरलं. ज्याच्या त्याच्या पोराला आता पिचरच व्हायचंय. म्हणजे पोराला किती व्हायचंय देव जाणे, बापाला नक्की व्हायचंय. मैदानाच्या जाळीमागे हातात स्पीडगन घेऊन उभे असतात. बारा वर्षांच्या मुलाचा चेंडू ताशी किती मैलांनी गेला हे मोठ्याने सांगतात, शेजारच्याला ऐकू जाईल असं.

माझं म्हणणं एवढंच, की स्कीन्सचं नाव घेऊन जे चाललंय ते स्कीन्सच्या नेमकं उलट आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लेक फॉरेस्टचा हा मुलगा. एल टोरो हायस्कूलमध्ये शिकला. २०२० साली, शाळेच्या शेवटच्या वर्षी, करोनाने हंगामच बुडवला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, कुणी विचारलं नाही. हा गडी गेला कोलोरॅडोला, हवाई दलाच्या अकादमीत, कारण त्याला वैमानिक व्हायचं होतं. तिथे तो काय खेळायचा? कॅचर. म्हणजे आपल्याकडचा यष्टिरक्षक म्हणा, फक्त सामनाभर उकिडवा बसलेला. वर बॅटिंग, पहिल्याच वर्षी ०.४१० ची सरासरी (शंभरात एक्केचाळीस वेळा यशस्वी फटका), आणि सामना संपता संपता येऊन एखाद्या डावापुरतं पिचिंग (डाव म्हणजे इथे तीन बाद, सामन्यात असे नऊ). नियमित सुरुवातीचा पिचर तो दुसऱ्या वर्षी, २०२२ मध्ये झाला, आणि तेव्हाही बॅट खाली ठेवली नव्हती. दोन्ही कामं करणाऱ्या कॉलेज खेळाडूंसाठी असलेलं जॉन ओलेरूड पारितोषिक त्या वर्षी त्यालाच मिळालं.

अकादमीत तिसरं वर्ष सुरू झालं की पुढे हवाई दलात नोकरीचं बंधन येतं. त्यामुळे तिथून निघायचं तर तेव्हाच. ते सोडणं जड गेल्याचं त्याने वेळोवेळी सांगितलंय. लुइझियाना स्टेट विद्यापीठात आला तेव्हा मिनेसोटा ट्विन्सची नोकरी सोडून आलेले वेस जॉन्सन तिथे पिचिंगचे प्रशिक्षक होते. आता बॅट बाजूला राहिली, काम एकच. २०२३ च्या त्या हंगामात १२२ डाव आणि दोन बादांत २०९ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज. विद्यापीठ ज्या गटात खेळतं त्या एसईसी परिषदेचा १९८९ पासूनचा विक्रम मोडला. विद्यापीठाने ओमाहात राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, जुलैत पायरेट्सनी त्याला ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिला उचलला आणि ९२ लाख डॉलर दिले. त्या घडीला तो विक्रम होता.

दहा महिन्यांत, ११ मे २०२४ ला, तो पीएनसी पार्कवर शिकागो कब्जविरुद्ध उभा होता. मी वरच्या स्वस्तातल्या खुर्चीत होतो. पिचरच्या उंचवट्यापासून होम प्लेट साडेअठरा मीटरही नाही, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून कमी, आणि चेंडू टप्पा न पडता येतो. ताशी १०० मैल, १६१ किलोमीटर, त्यात हा माणूस साडेसहा फूट. वरून चेंडू दिसत नव्हताच, मिटचा (कॅचरच्या हातमोज्याचा) आवाज तेवढा यायचा. त्याच्या 'स्प्लिंकर'चा खेळ मात्र टीव्हीवर हळू करून बघावा: सिंकर आणि स्प्लिटर यांच्या मधलं काहीतरी, दीडशेच्या वेगाने येतं आणि बॅट निघाल्यावर खाली बुडी मारून उजव्या फलंदाजाच्या अंगाकडे वळतं. तो पाचव्या डावात बाहेर गेला, मागून आलेल्या पिचरांनी चार-चार चुकीचे बॉल टाकून फलंदाजांना फुकट पहिल्या बेसवर पाठवत सगळी आघाडी उधळली, मग पावसाने दोनेक तास खाल्ले. शेवटी १०-९ ने जिंकलो एकदाचे. (पायरेट्सचं प्रेम म्हणजे काय, ते एका संध्याकाळीत कळतं.)

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त अकरा सामन्यांनंतर निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीचा पिचर, १.९६ ची सरासरी (नऊ डावांमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं), वर्षाचा सर्वोत्तम नवोदित.

आता मुद्द्याचं. ११ जुलै २०२४ ला मिलवॉकीविरुद्ध सात डाव त्याने एकही हिट (यशस्वी फटका) दिली नव्हती, नऊ डाव तसेच गेले असते तर तो दुर्मीळ पराक्रम ठरला असता, आणि ९९ चेंडूंनंतर त्याला काढलं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शिव्यांचा पाऊस. मला तेव्हाही ते बरोबर वाटलं, आजही वाटतं. गंमत अशी, की तेव्हा 'इतिहास घडू द्यायचा होता' म्हणून ओरडणाऱ्यांत एक गृहस्थ असे आहेत, ज्यांचा मुलगा शनिवारी एका संघाकडून आणि रविवारी दुसऱ्याकडून पिचिंग करतो. लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे, पुढे विश्रांतीचे दिवसही ठरलेले. पण एका संघाच्या वहीतले चेंडू दुसऱ्याच्या वहीत येत नाहीत. परवा ते पोर डगआउटमध्ये कोपरावर बर्फाची पिशवी धरून बसलं होतं. "थोडं दुखतं काका, पण बाबांना नका सांगू." मी सांगितलं. बाबा म्हणाले, सगळ्यांचंच दुखतं.

नुसता ताजा हात असून भागत नाही, हेही खरं. याच पायरेट्सनी २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं. हातात दम होता, पण बेसबॉल आयुष्यात नव्हता. दोघंही मेजर लीगपर्यंत, म्हणजे सर्वोच्च पातळीपर्यंत, पोचले नाहीत. स्कीन्सने मात्र कितीतरी वर्षं प्लेटमागे बसून फलंदाज कुठे फसतो ते बघितलं होतं. कॅचर असण्याचा तोच फायदा, आणि त्याला स्पीडगन लागत नाही.

मालकांबद्दलही दोन शब्द. २०२५ मध्ये १.९७ ची सरासरी, २१६ स्ट्राइकआउट आणि विजय-पराभव १०-१०! हात जपला, पण धावा करणारे फलंदाज विकत घ्यायला खिशात हात घातला नाही. 'संघ विका' म्हणून स्टेडियममध्ये घोषणा होतात, त्या उगाच नाहीत. २०२९ चा हंगाम संपेपर्यंत तो नियमाने इथलाच, तोवर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसवाले घिरट्या घालणारच.

आमच्या गटातला कुणी हे वाचत असेल तर या उन्हाळ्यात मुलाला एक महिना कॅचरच्या जागी बसवून बघा. प्रशिक्षक नाही म्हणाले तर मला फोन करा, मी बोलतो त्यांच्याशी.