१६ नंबरची सुई सगळ्याला चालत नाही

शिवणकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. ठाणे, कळवा, ऐरोली, जिथे जिथे चार बायका ब्लाउज शिवतात तिथे तो पोचला आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: १६ नंबरची सुई सगळ्या कापडांना चालते, टाके सुटले (म्हणजे मधले टाके पडलेच नाहीत) तर टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारा स्क्रू, आवळा, सुई तुटेपर्यंत बदलू नका, बोथट झाली तर पॉलिश पेपरवर घासा, कारखान्याच्या मशीनची सुई घरच्या मशीनला बिनधास्त लावा, आणि जाड कापडाला सुईवर खोबरेल तेल.

यातला पहिला दावा अर्धा खरा आहे, म्हणून आधी तो घेते.

पाकिटावर १००/१६ असं छापलेलं असतं. त्यातला १०० म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेली. म्हणजे १६ नंबर बरोबर १ मिमी जाड. ७५/११ ची सुई पाऊण मिलिमीटरची. पडदे, कॅनव्हासची पिशवी, पँटची जाड शिवण यांना १६ उत्तमच. उल्हासनगरला जीन्स शिवणारे तर १८ पर्यंतही जातात. पण तीच सुई सॅटिनच्या ब्लाउजला लावलीत तर आज काही दिसणार नाही. दोन वर्षांनी बाई ब्लाउज सैल करायला आणते, आपण शिवणीच्या आत ठेवलेली माया, म्हणजे जादा कापड, सोडतो, आणि जुन्या शिवणीच्या जागी भोकांची सरळ रांग उघडी पडते. इस्त्रीने ती जात नाही. पाण्याने थोडी भरते, तीही सुती कापडावर, सिल्क-सॅटिनवर कायमची.

शिफॉन, जॉर्जेट, मलमल यांना ९ किंवा ११. अस्तराच्या सुती ब्लाउजला आणि रोजच्या पंजाबी ड्रेसला १४ पुरते. कापड मऊ असेल तर १२ घ्या. दोराही बघायचा. सुईच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते, खाली जाताना दोरा त्या खाचेत दडतो. दोरा जाड आणि सुई बारीक असेल तर तो खाचेबाहेर राहतो, कापडाला घासतो, पिंजतो आणि तुटतो. सुई मोकळी काढून वीतभर दोरा ओवा, दोरा तिरका ताणून धरा. सुई आपोआप घसरत खाली आली तर जोडी जमली. अडकली तर सुईचा नंबर वाढवा नाहीतर दोरा बारीक घ्या.

आता टेन्शन. या सल्ल्याने सगळ्यात जास्त मशीनं बिघडवली असतील, कारण टाके सुटले की माणूस आधी तो स्क्रू पिळतो. टाका कसा पडतो ते बघा. सुई तळाला जाते आणि साधारण दोन मिलिमीटर वर उठते. तेवढ्यात सुईच्या चपट्या बाजूला दोऱ्याचा एक छोटा फुगा सुटतो. शटलचं, म्हणजे बॉबीनभोवतीच्या टोकदार भागाचं, टोक त्या फुग्यातून जातं, दोरा बॉबीनभोवती फिरवतं, मगच टाका होतो. टेन्शनचं काम त्यानंतरचं, पडलेला टाका आवळण्याचं. फुगाच सुटला नाही तर टेन्शन आवळून काय होणार? दोरा तुटेल, कापडाला चुण्या पडतील आणि टाके सुटतच राहतील.

लेगिंगच्या लायक्रावर नेमकं हेच होतं. कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर येतं, दोरा ताठ राहतो, फुगा येत नाही. यावर इलाज म्हणजे बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच सुई. तिचं टोक किंचित गोल असतं. होजिअरीचं कापड विणलेल्या फासांचं असतं, गोल टोक फास बाजूला सारून मधून जातं. साधी टोकदार सुई तोच फास कापते आणि चार धुण्यांनंतर शिवणीच्या कडेला भोक वाढत जातं. गिऱ्हाईक म्हणतं कापड हलकं निघालं. कापड बरं होतं हो!

सुई नवी, योग्य नंबरची, आणि तरीही टाके सुटतात, तेव्हा खुशाल मेकॅनिक बोलवा. शटलची वेळ चुकलेली असू शकते. पण आधी सुई बदला. मेकॅनिकसुद्धा आल्या आल्या तेच करतो आणि त्याचे पैसे घेतो.

पॉलिश पेपरचं खूळ बहुधा हातसुईवरून आलंय. हातसुया साफ करायला एमरीची पूड भरलेली छोटी उशी वापरायचे, त्याने गंज निघतो. मशीनच्या सुईवर क्रोम किंवा निकेलचा गुळगुळीत थर असतो. तो घासलात की टोक एका बाजूला झुकतं आणि आतलं पोलाद उघडं पडतं. मग खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत जून ते सप्टेंबर अशी सुई मशीनला तशीच राहिली की पांढऱ्या कापडावर तपकिरी ठिपका ठरलेला.

सुई तुटण्याच्या बरीच आधी संपते. सुई बनवणारे साधारण आठ तास शिवणाचा अंदाज देतात. पण जरीचा काठ किंवा टिकल्यांचं काम असेल तर त्याच्याही आधी टोक जातं. घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवा: कापडात शिरताना टक-टक आवाज यायला लागला की टोक गेलं. नखावरून टोक हलकेच ओढा. ओरखडा उठला तर सुई काढा. जॉर्जेटच्या चिंधीवर शिवून बघा. शिवणीपासून आडवे धागे ओढले गेले तरी काढा. वाकलेली ओळखायला चपटी बाजू काचेवर ठेवायची आणि खालची फट शेवटपर्यंत सारखी आहे का बघायचं. तुटेपर्यंत थांबलात तर तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडल्याशिवाय काम पुढे जाऊ देत नाहीत, ते उगाच नाही.

खोबरेल तेलाबद्दल एवढंच, की सिल्कवर त्याचा डाग पडला तर ब्लाउजचे पैसे तुम्ही भरायचे.

राहिली कारखान्याची सुई. जुकीसारख्या मशीनची डीबी×१ सुई गोल दांड्याची आणि बारीक असते. घरच्या मशीनची एचए×१, दांड्याची एक बाजू चपटी, लांबीही वेगळी. स्क्रू आवळून गोल सुई बसल्यासारखी वाटते, पण नेढं शटलसमोर नेमक्या जागी येत नाही. मग पुन्हा टाके सुटतात आणि पुन्हा कोणीतरी टेन्शन आवळतं. चपटी सुई वरपर्यंत टेकवून बसवायची, चपटी बाजू शटलकडे, लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला.

जांभळी नाक्याला काय किंवा वाशीला काय, दुकानात नुसतं "मशीनची सुई द्या" म्हटलं की बहुतेक वेळा १६ चं पाकीट हातात पडतं. "एचए×१, ११ नंबर, बॉलपॉइंट" असं पूर्ण सांगा आणि पैसे देण्याआधी पाकिटावरचा आकडा वाचा.