सुरुंग काढायला पैसा द्यायचा, तर पाच वर्षांचा द्या

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखली. आपल्याकडे चर्चा झाली ती औषधांची आणि धान्याची. त्याच आदेशाने भूसुरुंग काढणारी पथकंही थांबली, हे फारसं कुणाच्या वाचनात आलं नाही. १९९३ पासून या कामावर आणि जुना शस्त्रसाठा नष्ट करण्यावर ५०० कोटी डॉलरहून जास्त खर्च करणारा हा देश. त्याने हात आखडला की कंबोडियातल्या शेतात काम अर्धवट राहतं. पुढे काही ठिकाणी सवलत मिळाली, पथकं परत कामाला लागली. पण या कामात 'जिथे थांबलो तिथून पुढे' असं करता येत नाही, आणि माझा सगळा मुद्दा तोच आहे.

काम कसं चालतं ते बघा. एक माणूस, एक मीटर रुंदीची पट्टी. शेजारच्या पट्टीतला माणूस साधारण २५ मीटर लांब, म्हणजे एकाकडे स्फोट झाला तरी दुसरा वाचावा. पुढे आडवी काठी ठेवायची. काठीच्या अलीकडची जमीन तपासलेली, पलीकडची नाही. आधी नजरेने बघायचं, मग ताणलेली तार आहे का ते चाचपायचं, मग गवत कात्रीने थोडं थोडं कापायचं, मग मेटल डिटेक्टर फिरवायचा. हा डिटेक्टर रोज सकाळी पुरून ठेवलेल्या नमुन्यावर तपासून घेतलेला असतो. आवाज आला की त्या जागेच्या अलीकडे वीतभर अंतरावरून खोदायला लागायचं आणि आडवं पुढे सरकायचं. वरून खोदायचं नाही, कारण दाब वरच्या बाजूनेच लागतो. जमीन कडक असेल तर पाणी मारून वापसा येईपर्यंत थांबायचं. घाईत कडक मातीत जोर लावला जातो, आणि अपघात नेमके तिथेच होतात. सापडलेला सुरुंग शक्यतो उचलत नाहीत, जागेवरच उडवतात.

एवढं करून बहुतेक वेळा हाती काय लागतं? खिळा, पत्र्याचा तुकडा, काडतुसाची पुंगळी. लोहयुक्त मातीत तर डिटेक्टर मातीवरच बोंबलतो. म्हणून हाताने काम करणारा माणूस दिवसाला २० ते ५० चौरस मीटर करतो. म्हणजे एका गुंठ्याला दोन ते पाच दिवस.

आता हे काम मधेच तीन महिने थांबवा. लाल टोकाच्या खुणेच्या काठ्या पडतात, कुजतात, नाहीतर सरपणाला जातात. कापलेलं गवत कमरेएवढं वाढतं. पावसाच्या लोंढ्याबरोबर हलके प्लास्टिकचे सुरुंग साफ झालेल्या पट्टीतही वाहून येऊ शकतात. परत आलेल्या पथकाला कुठवर विश्वास ठेवायचा हे ठरवता येत नाही, म्हणून कडेच्या पट्ट्या पुन्हा तपासाव्या लागतात. पगार थांबला की अनुभवी माणूस दुसरीकडे जातो. नव्याला तयार करायला अनेक आठवडे जातात, आणि मुरायला हंगाम. रुग्णवाहिका आणि प्रथमोपचार करणारा माणूस हजर नसेल तर त्या दिवशी कुणी पट्टीत पाऊलही टाकत नाही. आज वाचवलेला पैसा पुढच्या वर्षी व्याजासकट द्यावा लागतो.

आता आपलं. श्रीलंकेत मे २००९ मध्ये युद्ध संपलं. उत्तरेत विस्थापितांना गावी परतता यावं म्हणून भारत सरकारने आपल्या खर्चाने भारतीय पथकं पाठवली; त्यात लष्करातून निवृत्त झालेले इंजिनिअर्सचे लोक होते. चांगलं काम झालं. पण ते टप्प्याटप्प्याचं, त्या वेळेपुरतं. जाफना द्वीपकल्पाच्या तोंडाशी मुहमलईला मोठा सुरुंगपट्टा वर्षानुवर्षं साफ होत राहिला, आणि तिथला बराच भार अमेरिका, जपान, ब्रिटन यांच्या पैशावर होता. तिथला पी-४ नावाचा छोटा सुरुंग त्रासदायक: त्यात सुमारे ३० ग्रॅम स्फोटक, पाऊल उडवायला पुरेसं, आणि धातू नावापुरता. डिटेक्टरला तो नीट लागत नाही. म्हणून तिथल्या वाळूत लांब दांड्याच्या दाताळ्याने माती थराथराने ओढून काढायची पद्धत बसली. दाताळंच, आपल्याकडे शेतात असतं तसलं. हे ज्ञान माणसांच्या हातात असतं, ते फाइलमध्ये ठेवून टिकत नाही.

श्रीलंका डिसेंबर २०१७ मध्ये ओटावा करारात, म्हणजे माणसं मारणाऱ्या भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या करारात, सामील झाली. देश साफ करायची त्यांची मुदत १ जून २०२८ आहे. १९८७ ते १९९० मध्ये शांतिसेना म्हणून श्रीलंकेत गेलेले सुमारे १,२०० भारतीय सैनिक मारले गेले, त्यातले कितीतरी सुरुंगांनी. या भूमीशी आपला संबंध कागदापुरता नाही.

"आधी आपलं बघा" असं म्हणणारे असतील, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. २००१-०२ मध्ये पाकिस्तान सीमेवर सैन्य उभं केलं त्या ऑपरेशन पराक्रममध्ये पेरलेल्या सुरुंगांनी पंजाब-राजस्थानच्या शेतकऱ्यांनी हात-पाय गमावले. तोफखान्याच्या सरावातला न फुटलेला गोळा भंगार म्हणून उचलला की काय होतं, हे देवळाली रेंजच्या आसपासच्या गावांना वेगळं सांगायला नको. लाओसमध्ये हेच पिढ्यानपिढ्या चाललंय: १९६४ ते १९७३ मध्ये पडलेल्या सुमारे २७ कोटी छोट्या बॉम्बपैकी तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, आणि मुलं त्यांना चेंडू समजतात. पण घरचं काम आणि शेजाऱ्याचं काम एकमेकांच्या तोंडचा घास काढत नाही. लागणारी माणसं तीच. पुण्याच्या मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलातून निवृत्त झालेले लोक नाशिक-पुणे पट्ट्यात आहेत. भारताने ओटावा करारावर सही केलेली नाही, ही सबब इथे चालत नाही. सही अमेरिकेनेही केलेली नाही, आणि सर्वांत मोठा देणगीदार तीच होती.

म्हणून भारताने श्रीलंकेला या कामासाठी पाच वर्षांचा पैसा द्यावा. देताना एक अट मात्र घालावी: आधी सर्वेक्षण. गावकऱ्यांशी बोलून, जुने नकाशे आणि अपघातांच्या जागा जुळवून पाहिलं की संशयित म्हणून आखलेल्या जमिनीचा मोठा हिस्सा न खणताच मोकळा करता येतो. सर्वेक्षणाला पैसे न देता थेट यंत्रं विकत घेऊन देणं हा फोटोपुरता खर्च आहे. साफ झालेल्या जमिनीची दुसऱ्या संस्थेकडून नमुना तपासणी हाही खर्च त्यातच धरायला हवा, नाहीतर शेतकरी कागद घेईल पण नांगर घालणार नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात श्रीलंकेच्या मदतीसाठी ३०० कोटी रुपये होते. आपल्या खासदारांना लिहा आणि लोकसभेत हे विचारायला सांगा: या मदतीतले किती पैसे सुरुंग काढण्यासाठी, करार किती वर्षांचा, सर्वेक्षणाला किती, आणि पथकांचे पगार मार्चअखेरीस थांबणार नाहीत याची तरतूद कोणत्या कलमात आहे.