गेट पडलंय, बसा आता!
कित्येक वर्षं घरामागच्या सायडिंगवर नुसता गंज होता. रुळांवर शेळ्या बसायच्या, पोरं विटांचे स्टंप रचायची, आई चादर टाकून पापड वाळवायची. कुणाचं काही अडलं होतं का? पण नाही, मालगाडी परत सुरू झालीच!

कोळशाचे ५८-५९ डबे. दोनदा मोजलेत, दुसरं करणार काय? गेट पडलं की गाडी सरळ निघून जाईल असं वाटतं ना? छे! अर्धी जाते, थांबते, विचार करते, उलटी येते. शंटिंग म्हणे! तोवर दुचाकीवाले गाडी आडवी करून दांड्याखालून घुसतात, रिक्षावाला इंजिन बंद करून तंबाखू मळतो.

आणि रात्री अडीचला भोंगा. कुणासाठी बे? शेळ्यासुद्धा झोपल्यात! बंदराजवळ राहत असतो तर समजलं असतं, इथं सोलापुरात कुठलं जहाज खोळंबलंय?

१८६० साली गावात रेल्वे आली, अजून आमच्या गेटाखाली साधा बोगदा नाही. बदललं काय, तर २०२२ पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचं. मग करा की मॅनेज!

काल पापडांवर काळी पूड बसली. आई म्हणते, मिरी समजून खा.