नळी किती इंची, हा प्रश्न नंतरचा

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने राज्यभर चर्चेत आले. एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने! हवेत बार काढतानाचे व्हिडिओ फिरले आणि प्रशासनाने परवाने रद्द करायला घेतले. केजकडच्या आमच्या भावकीत मात्र वेगळाच वाद रंगलाय: संरक्षणासाठी आखूड नळीचं पिस्तूल घ्यावं का लांब नळीचं? मी टेक्सासात राहतो म्हणून धाकट्या चुलतभावाने मलाच पंच नेमलं. "दादा, तिकडं तर घरोघरी असतंय. तुम्हीच सांगा."

नळीच्या लांबीने फरक पडतो, हे खरं. काडतुसातल्या दारूचा वायू गोळीला नळीभर ढकलत राहतो, त्यामुळे नळी लांब तेवढा वेग जास्त. नऊ मिलिमीटर व्यासाच्या गोळीच्या पिस्तुलात एका इंचामागे सेकंदाला साधारण ८ ते १५ मीटर इतका. इकडे पोकळ टोकाच्या गोळ्या वापरतात. त्या अंगात शिरल्यावर फुलाव्या लागतात आणि वेग कमी पडला तर फुलत नाहीत, म्हणून इकडे त्या इंचाला किंमत आहे. पण आपल्याकडे सामान्य माणसाला नऊ मिलिमीटर मिळतच नाही. मिळतं ते बहुतेक .३२, म्हणजे साधारण ०.३२ इंच व्यासाच्या गोळीचं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या रिव्हॉल्वरची नळी तीन इंची, २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबळ' रिव्हॉल्वरचीही तेवढीच, आणि गोळी साधी शिशाची, मुळातच संथ. तिथे अर्ध्या इंचाने काय साधणार?

खरा फरक नेमात पडतो. पुढची खूण आणि मागची खाच यांत दहा सेंटीमीटर अंतर असेल आणि खूण एक मिलिमीटर हलली, तर सात मीटरवर गोळी सात सेंटीमीटर बाजूला जाते. तेच अंतर पंधरा सेंटीमीटर असेल तर पाचच्या आत. शिवाय आखूड शस्त्र हलकं असतं, त्यामुळे झटका जास्त बसतो. इथल्या बंदिस्त रेंजवर मी ते पाहिलंय. आखूड पिस्तूल उडालं की डोळ्यांपुढे जाळ होतो, आवाज छातीत बसतो. दुसऱ्या बाराला नवखा माणूस चाप ओढायच्या आधीच मनगट खाली दाबतो आणि कागदावरचं भोक चितारलेल्या माणसाच्या पायाशी पडतं. समोर कागद आहे, कोणी अंगावर येत नाही, तरी हे होतं. आखूड नळी कमरेला झाकायला सोयीची, पण तिला सराव दुप्पट लागतो.

माझी तक्रार इथेच आहे. टेक्सासचं मी कौतुक करत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं आणि मला ते मान्य नाही. पण मन लावून सराव करायचा म्हटलं तर रेंज इथे सहज सापडते. आपल्याकडचा परवानाधारक काडतुसं जपून ठेवतो, लग्नात नाहीतर निवडणुकीच्या गुलालात दोन बार काढतो आणि त्यालाच सराव समजतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा हर्षबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी ज्याने एकदाही कागदावर नेम धरला नाही, तो बांधावरच्या भांडणात, पत्र्याच्या घरांच्या गल्लीत कमरेचं काढणार. गोळी चुकली तर पत्रा ती अडवत नाही, आणि पलीकडे कुणाची तरी लेकरं झोपलेली असतात.

२०१६ च्या शस्त्र नियमांत अर्जदाराला सुरक्षा-प्रशिक्षण सांगितलेलं आहेच. ते कागदावर न राहता दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाला प्रत्यक्ष नेमाची चाचणी का नको? नापास झाला तर शस्त्र पोलिस ठाण्यात जमा. बीड, परभणी, धाराशिवच्या पोलिस मैदानांवर महिन्यातून एक दिवस परवानाधारकांना सराव करू द्यावा, काडतुसांचा हिशोब तिथेच घ्यावा. धाकट्याला मी कळवलंय: आधी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन सराव कुठे करायचा ते विचार, नळीचं माप मग बोलू.