मीटरमागची काळी चिकटपट्टी

आज सकाळी पीयूसी काढायला गेलो. दोन मिनिटांत सर्टिफिकेट हातात! नंबर प्लेटचा फोटो, मोबाईल नंबर, पैसे, कागद. सायलेन्सरमध्ये घालायची नळी व्हॅनच्या दाराला गुंडाळून लटकत होती, तिला कुणी हातसुद्धा लावला नाही.

मी म्हटलं, "अरे, नळी?"

पोरगा हसला. "पेट्रोल गाडी हाय काका, पास होतेच की. कशाला टेन्शन घेऊलालाव?"

पास होतेच! मग मी गेले तीन आठवडे काय झक मारत होतो?

जुने मित्र चिकटपट्टीची गोष्ट जाणतात, नव्यांसाठी पुन्हा सांगतो. ही २०१३ ची गाडी मी सेकंडहँड घेतली, ओळखीतल्याच माणसाकडून. चावी फिरवली की मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून, इंजिन सुरू झालं की विझायला हवा. माझा कधी लागायचाच नाही, आणि मी खूश, की गाडी काय ठणठणीत आहे! सहा महिन्यांनी मेस्त्रींनी दुसऱ्याच कामासाठी मीटर उघडला, तर दिव्यावर बोटाच्या पेराएवढी काळी चिकटपट्टी. एक प्लग नीट पेटत नव्हता. न जळलेलं पेट्रोल जाऊन जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जळत होतं आणि आतली जाळी वितळून बसली होती. प्लग काही शेकड्यांचा. कन्व्हर्टरचा भाव ऐकून मी गॅरेजातल्या टायरवर खाली बसलो.

ती पट्टी मी आरसीच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये आतून चिकटवून ठेवलीय. सौ. म्हणते, वेड लागलंय. असेल.

तर, तीन आठवड्यांपूर्वी तोच दिवा लागला. मला आनंद झाला म्हटलं तर हसाल, पण झाला. निदान दिसला तरी! स्टेअरिंगखाली सोळा पिनांची खोबण असते, तिथे बिघाडाचा कोड वाचणारं ब्लूटूथचं यंत्र लावलं. कोड आला पी ०१४१, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या मागच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. खाली वाकून बघतो तर वायर उंदराने कुरतडलेली. सेन्सर शाबूत. मेस्त्रींनी वायर जोडली, वरून नळी चढवली. मी कोड पुसला, दिवा गेला.

इथे आपल्याकडचे नव्वद टक्के लोक थांबतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिलंच, "का बे, एवढा कुटाणा कशाला? बॅटरीची मायनस वायर दहा मिनिटं काढून ठेव, दिवा जातो." जातो ना! चिकटपट्टीनेही जातो!

अहो, कोड पुसला की गाडीची स्मरणशक्तीच पुसली जाते. कॅटॅलिस्ट (तोच कन्व्हर्टर), ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर, या प्रत्येकाची गाडी चालता चालता स्वतःच तपासणी घेते. पुसल्यावर त्या सगळ्या तपासण्या 'अपूर्ण' दाखवतात. त्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत गाडी बरी झाली असं म्हणता येत नाही, फक्त गप्प बसलीय एवढंच. माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथे २००० सालापासूनच्या पेट्रोल गाड्यांना तपासणीत नळी लावतच नाहीत, ही खोबणच वाचतात. याने आदल्या दिवशी नवी बॅटरी बसवली होती. सगळ्या तपासण्या अपूर्ण, म्हणून परत पाठवला. आठवडाभर गाडी फिरवली तेव्हा पास झाली. म्हणजे आपल्याकडची ही 'युक्ती' तिथे नापास व्हायचा रस्ता आहे.

हो, मान्य, आपल्या पीयूसीत त्या खोबणीकडे कुणी ढुंकून बघत नाही. गाड्यांना ओबीडी, म्हणजे स्वतःचा बिघाड स्वतःच ओळखणारी ही यंत्रणा, सक्तीची झाली २०१० च्या एप्रिलपासून, दुसरा टप्पा आला २०१३ च्या एप्रिलपासून. यंत्र गाडीत आहे, बोलतंय, ऐकणारं कुणी नाही.

तरी मी केलं. रात्रभर गाडी थंड, टाकी अर्ध्याच्या वर. सकाळी सुरू करून तीन-चार मिनिटं नुसती उभी ठेवली. मग आमच्या सोलापूरचा सात रस्ता, गर्दी, सिग्नल. मग पुणे रोडला लागून ऐंशीच्या वेगाने एकसारखी, अधूनमधून ब्रेक न लावता पाय सोडून आपोआप मंदावू द्यायची. सावळेश्वरच्या टोलचे पैसे भरले, मोहोळला चहा घेतला, परत. कॅटॅलिस्टची तपासणी काही पूर्ण होईना. दुसऱ्या रविवारी पुन्हा मोहोळ. सौ.ने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली आणि म्हणाली, "गाडीच्या निमित्ताने का होईना, बाहेर तर काढलंस." परतीच्या वाटेवर शेवटची खूण हिरवी झाली. दिवा विझलेलाच. या वेळी खरा विझलेला.

आणि आज तो पोरगा म्हणतो, पास होतेच.

मी चिडलो, खूप बोललो. आरसीचं कव्हर उघडून त्याला ती पट्टी दाखवली. त्याने ती नीट बघितली. "खरंच दिव्यावर लावली होती?" मग स्वतःच उठला, नळी सोडवली, सायलेन्सरमध्ये घातली. "काका, रेस धरा. अडीच हजारावर." ऊन असं की व्हॅनच्या पत्र्याला हात लागत नव्हता, त्याचा जेवणाचा डबा तसाच बांधलेला. इथे माझा राग उतरला, खोटं कशाला बोलू. दिवसभर तिथे उभं राहायचं, आणि येणारा प्रत्येक जण म्हणणार, लवकर दे रे. नळी लाव म्हणणारा मीच पहिला असेन कदाचित.

गाडी उभी असताना कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ०.३ टक्के. माझी त्याच्या कितीतरी खाली. पोरगा माझ्याहून खूश.

मग मी पहिला कागद पुढे केला. "यावरचे आकडे कुठून आले रे?"

तो चहा सांगायला गेला.

असो. उंदीर अजून सापडलेला नाही. बॉनेटखाली पिंजरा लावलाय, आत शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडा. काल रात्री तुकडा गेला, पिंजरा उघडाच.